टपरीसमोर एकदा खाली बसून बघ

प्रिय पोरी,

तू शिकवतेस त्या शाळेत तंबाखूविरोधी व्याख्यानाला मी यावं, असं लिहिलंस. नक्की येईन. पण त्याआधी एक कर. मधल्या सुट्टीत फाटकासमोरच्या टपरीवर जा आणि पाचवीतल्या पोराच्या उंचीएवढी खाली बसून बघ.

मी असा बसलो तो नोकरीला वीस वर्षं झाल्यावर, तेही सुटं नाणं पडलं म्हणून. नाकासमोर चकचकीत पुड्यांच्या माळा लोंबत होत्या, आणि त्यांना खेटून लिमलेटच्या गोळ्यांची बरणी. उभ्याने हे मला कधी दिसलंच नव्हतं. तोवर मी वर्गात कर्करोगाचे फोटो दाखवत आलो होतो. बारा वर्षांच्या पोराला चाळिशीतलं दुखणं आपलं वाटतच नाही गं. विकणारा त्याला आजचा रुबाब देतो.

2003 च्या कायद्याने तंबाखूच्या जाहिरातींवर बंदी आली. मग तंबाखूच्याच ब्रँडच्या नावाने वेलचीच्या, पानमसाल्याच्या जाहिराती आल्या. अक्षरांचं वळण तेच, रंग तोच, वर मोठा नट. हे पोरांना सांगू नकोस, त्यांनाच शोधू दे. मी मुलांना क्रिकेटची मॅच बघताना अशा जाहिराती मोजून आणायला सांगितल्या होत्या. दुसऱ्या दिवशी एका मुलीने विचारलं, "सर, आई तर वेलची वाण्याकडून सुटी आणते. तिची जाहिरात कशाला लागते?" वर्ग गप्प झाला, आणि मग चिडला. आपल्याला कुणीतरी बनवतंय हे कळलं की पोरं चिडतात. त्या रागावर विश्वास ठेव.

शाळेपासून 100 यार्डांच्या आत, म्हणजे साधारण 91 मीटर, तंबाखू विकायला मनाई आहे. अठराच्या आतल्या मुलाला तर कुठेच विकता येत नाही. टपरीवाल्याशी आधी नीट बोल. त्याचंही लेकरू तुझ्याच वर्गात असेल. नाहीच ऐकलं तर मुख्याध्यापकांच्या सहीने ग्रामपंचायतीला आणि पोलीस ठाण्याला लेखी अर्ज दे, पोच घे. एकटीच्या नावाने देऊ नकोस.

अंतर मोजायला पोरांना नेऊ नकोस, त्यांना रोज त्याच टपरीवरून जायचं असतं. टेप मी घेऊन येतो, आपण दोघं मोजू.

तुझे,
सर