आपल्याकडचे पक्षी शंखी गोगलगायी खातात का?

हो, भारद्वाज खातो. ही गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेची, १८४७ मध्ये मॉरिशसहून कोलकात्यात आणलेली. पण आपल्या भारद्वाजाने तिला केव्हाच ओळखलंय. बांधाबांधाने चालत येतो, चोचीने शंख फोडतो नि आतला मऊ गर ओढून काढतो. बघत राहावं असं काम!

तरी एकट्या त्याच्यावर विसंबू नका. गोगलगायी रात्री निघतात, तो दिवसा फिरतो. गाठ पडते ती बहुधा ढगाळ सकाळी. शिवाय यांच्यात नर-मादी वेगळे नसतात, प्रत्येक गोगलगाय अंडी घालते, तीही एका खेपेला शंभरावर. २०२२ साली लातूर-बीडकडे सोयाबीनची कोवळी रोपं यांनीच फस्त केली.

संध्याकाळी ओली गोणपाटं टाका, सकाळी हातमोजे घालून वेचा, मिठाच्या पाण्यात बुडवा. विषारी गोळ्या उघड्यावर फेकू नका, पाखरं नि कुत्री मरतात.