‘घासायचंच काम, मग एवढ्या लांब कशाला?’

शिरोलीहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगा मशिनिस्ट ग्राइंडरचा आयटीआय झालेला, एमआयडीसीत पंपाच्या मेकॅनिकल सीलच्या (फिरत्या दांड्यापाशी गळती रोखणाऱ्या भागाच्या) रिंगा लॅप करतो, म्हणजे बारीक दाण्यानं घासून सपाट करतो. बेंगळुरूला सिलिकॉन कार्बाइड या फार कठीण सिरॅमिकचे आरसे डायमंडनं पॉलिश करायच्या कामावर त्याला ट्रेनी म्हणून बोलावलंय. घरात मात्र वरचाच प्रश्न अडलाय.

नमस्कार. माझं मत, पाठवावं. सीलच्या रिंगाही बहुधा सिलिकॉन कार्बाइडच्याच असतात, म्हणजे माल त्याच्या हाताखालचाच आहे. फरक मापात आहे. सपाटपणा प्रकाशाच्या पट्ट्यांवर, म्हणजे लाइट बँडवर मोजतात. सीलला दोन-तीन लाइट बँडची चूक चालते आणि एक बँड म्हणजे सुमारे ०.२९ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). चांगल्या आरशाला बँडच्या दहाव्या हिश्शाइतकी चूकही जास्त वाटते, आणि पृष्ठाचा खडबडीतपणा एखाद्या नॅनोमीटरवर (मायक्रॉनच्या हजाराव्या भागावर) आणावा लागतो.

काचेच्या पॉलिशला सेरियम ऑक्साइडची पूड चालते, कारण पाण्यासोबत ती काचेवर रासायनिक कामही करते. सिलिकॉन कार्बाइड तिला दाद देत नाही, म्हणून डायमंड लागतो. बिडाच्या प्लेटवर १५ आणि ९ मायक्रॉनचा डायमंडचा दाणा, मग तांब्याच्या किंवा कथिलाच्या प्लेटवर ३ आणि १, शेवटी पिचवर (डांबरासारख्या राळेवर) किंवा पॅडवर पाव मायक्रॉन, असा साधारण क्रम. प्रत्येक टप्प्यात आधीच्या दाण्याच्या निदान तिप्पट खोलीचा थर काढायचा. तो चुकवला तर वरून आरसा चकाकतो, पण पोटातल्या बारीक भेगा तशाच राहतात आणि पाव मायक्रॉनवर गेल्यावर उघड्या पडतात. मग पुन्हा ९ पासून सुरुवात.

सगळ्यात जास्त माल बिघडतो तो अस्वच्छतेनं. ९ चा एक दाणा १ च्या प्लेटवर गेला की लांब ओरखडा पडलाच. म्हणून प्रत्येक दाण्याची प्लेट, ब्रश, बाटली वेगळी ठेवतात आणि मधे तुकडा अल्ट्रासॉनिकमध्ये, म्हणजे ध्वनिलहरींनी हलणाऱ्या द्रवात, धुतात. कास्टिंगच्या धुळीत वाढलेल्या हाताला ही शिस्त जड जाते, हे त्याला आधीच सांगा.

दुसरी अडचण मालाची. सिलिकॉन कार्बाइडच्या रिअ‍ॅक्शन बाँडेड प्रकारात मोकळं सिलिकॉन उरलेलं असतं. ते मऊ, लवकर झिजतं; कार्बाइडचे कण उंच राहतात आणि प्रकाश विखुरतो. पॅड मऊ असेल तर हे वाढतं. म्हणून अशा आरशांवर पुष्कळदा सीव्हीडीनं (वायूतून थर जमवायच्या पद्धतीनं) सिलिकॉन कार्बाइडचाच दाट थर चढवून मग पॉलिश करतात.

हा पदार्थ हलका, ताठ आणि तापमानानं कमी हलणारा, म्हणून अवकाशाच्या कामात त्याला मान आहे. २००९ साली सुटलेल्या हर्शेल या अवकाश दुर्बिणीचा ३.५ मीटरचा आरसा याचाच, १२ तुकडे जोडून केलेला.

कंपनीला एकच गोष्ट स्पष्ट विचारा: इंटरफेरोमीटरवर (प्रकाशलहरींनी पृष्ठातली चूक मोजणाऱ्या यंत्रावर) मोजमाप शिकवणार का? नुसतं मशीनवर उभं करणार असतील तर दोन वर्षांनी मुलगा तिथंच राहील. स्वतः मोजून कुठं किती घासायचं हे ठरवणारा कारागीर वेगळाच, आणि तसे फार थोडे आहेत. इस्रो आणि डीआरडीओतही आयटीआयवाल्यांसाठी तंत्रज्ञांच्या जागा निघतात. जाहिरातीत ट्रेड जुळतो का तेवढं नीट बघत जा. पुढं शिकायचं मनात असेल तर दहावी अधिक दोन वर्षांच्या आयटीआयवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो.

जायच्या आधी त्याला एक काम द्या. मालकांना विचारून भंगारातली एक सील रिंग घ्यावी, ९, ३, १ असं क्रमानं करावं आणि प्रत्येक टप्प्यानंतर मायक्रोस्कोपखाली त्याच जागी बघून ओरखडे वहीत लिहावेत. ती वही बेंगळुरूला सोबत न्यावी.