लॉग वाढवू नका, आधी तो डंप वाचा : एक्सएफएसमधला रिझर्व्हेशन ओव्हररन

प्रश्न थोडक्यात असा आहे : लिनक्सच्या ४.१४ कर्नलवरचा मेल सर्व्हर, मेलडिर (प्रत्येक मेलची वेगळी फाइल ठेवणारी रचना) एक्सएफएस या फाइलसिस्टीमवर. जुने मेल पुसायची स्क्रिप्ट लावली की दोन-तीन तासांनी फाइलसिस्टीम बंद पडते आणि कर्नल लॉगमध्ये 'ट्रान्झॅक्शन लॉग रिझर्व्हेशन ओव्हररन' अशी ओळ आणि तिच्याखाली तपशिलाचा डंप दिसतो. एक्सएफएसचा स्वतःचा लॉग, म्हणजे बदल जागेवर लिहायच्या आधी नोंदवायची डिस्कवरची जागा, फक्त १० एमबीचा आहे, तो वाढवावा का आणि दुरुस्तीचं एक्सएफएस_रिपेअर '-एल' लावून चालवावं का, असं विचारलंय.

दोन्ही करू नका. '-एल' लॉग शून्य करून टाकतो. त्यात जे कमिट झालेलं पण जागेवर लिहायचं राहिलेलं होतं, ते कायमचं जातं आणि धडधाकट फाइलसिस्टीमला तुम्ही स्वतःच्या हाताने जखम करता. अनमाउंट करा, पुन्हा माउंट करा. लॉग आपोआप रिप्ले होईल, म्हणजे त्यातले राहिलेले बदल जागेवर लिहिले जातील, आणि बहुतेक वेळा काहीच बिघडलेलं नसेल. आणि लॉग जागच्या जागी वाढवायची सोय एक्सएफएसमध्ये नाहीच. त्यासाठी सगळा डेटा हलवून नव्याने एमकेएफएस (फॉरमॅट) करावं लागतं. मी एका संस्थेच्या सर्व्हरवर ते केलं होतं. अख्खी रात्र गेली, लॉग कितीतरी पटींनी मोठा झाला, आणि तिसऱ्या आठवड्यात तोच ओव्हररन पुन्हा समोर उभा. म्हणूनच हे सविस्तर लिहितोय.

लॉग भरणं आणि रिझर्व्हेशन (आधी राखून ठेवलेली जागा) ओलांडणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. लॉग भरला तर काहीही कोसळत नाही. प्रोसेस जागेची वाट बघत डी स्टेटमध्ये (मध्येच न तोडता येणाऱ्या प्रतीक्षेत) बसतात, स्टॅकमध्ये एक्सलॉग_ग्रँट_हेड_वेट दिसतं, आणि १२० सेकंदांनी कर्नल हंग टास्कची तक्रार करतो. तिथे लॉगचा आकार, स्ट्राइप युनिट, डिस्कचा वेग हे सगळं बघायचं. तुमच्याकडे तसं काही झालेलं नाही.

पंगत डोळ्यांसमोर आणा. पानं मांडायच्या आधी एका पानाला जास्तीत जास्त किती भात लागेल ते धरून तेवढा बाजूला काढायचा आणि मगच माणसं बसवायची. एक्सएफएस तेच करतं. ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्रच पूर्ण व्हायचा बदलांचा संच, सुरू व्हायच्या आधी तिच्या वाईटात वाईट गरजेइतकी जागा लॉगमधून राखून ठेवतं. हा आकडा माउंटच्या वेळी ब्लॉक साइज आणि बी-ट्रीच्या (नोंदी शोधायच्या ब्लॉकच्या झाडांच्या) कमाल उंचीवरून, ट्रान्झॅक्शनच्या प्रत्येक प्रकारासाठी वेगळा काढला जातो. तुमच्याकडे काय झालं, तर एका पानाने त्याच्या वाट्याला धरलेल्यापेक्षा जास्त घेतलं. पातेलं केवढं आहे याचा त्याच्याशी संबंध नाही, अंदाजच चुकलाय. आणि चुकलेल्या अंदाजावर लिहीत राहिलं तर गोल फिरणाऱ्या लॉगचं तोंड शेपटीवर चढू शकतं, मग रिकव्हरीच अशक्य. म्हणून एक्सएफएस तत्क्षणी शटडाउन करतं. हे वागणं अगदी योग्य आहे.

आता डंपकडे या. सगळं उत्तर तिथेच असतं आणि नेमका तोच भाग लोक गाळून फक्त शेवटची शटडाउनची ओळ चिकटवतात. आधी 'युनिट रेस' म्हणजे किती राखलं होतं, मग 'करंट रेस' म्हणजे किती उरलं. ते उणे असणार. उणे किती, ते लिहून ठेवा. शंभर-दोनशे बाइट असेल तर हेडरच्या हिशोबात संशय, काही हजार असेल तर एखादा अख्खा ब्लॉक मोजायचा राहिलाय. त्याखाली लॉग आयटमची यादी येते. ०एक्स१२३बी म्हणजे आयनोड (फाइलची माहिती ठेवणारी नोंद), ०एक्स१२३सी म्हणजे बफर (डिस्क ब्लॉकची मेमरीतली प्रत). प्रत्येक आयटमच्या आयओव्हेकचे (लॉगमध्ये जाणाऱ्या तुकड्याचे) पहिले काही बाइट हेक्समध्ये छापलेले असतात. बफरचा पहिला आयओव्हेक फक्त वर्णनाचा, तो सोडा. दुसरा बघा. तो ४१ ४२ ३३ ४२ किंवा ४१ ४२ ३३ ४३ ने सुरू झाला तर मोकळ्या जागेची झाडं, ५८ ४१ ४७ ४६ म्हणजे एजीएफ (डिस्कच्या एका विभागातल्या मोकळ्या जागेचं हेडर), आणि ४९ ४१ ४२ ३३ म्हणजे 'आयएबी३', आयनोड बी-ट्री.

त्या संस्थेच्या सर्व्हरच्या डंपवर पेन्सिलने खुणा करत गेलो तेव्हा ४९ ४१ ४२ ३३ एका ट्रान्झॅक्शनमध्ये तीनदा सापडलं. बी-ट्रीची पानं, म्हणजे तळाचे ब्लॉक, एकमेकांत मिसळत झाड वरपर्यंत हललं होतं. तुमच्या डंपमध्येही हेच निघेल असा माझा कयास आहे, कारण लक्षणं आणि कर्नल दोन्ही जुळतात.

एक्सएफएस आयनोड ६४-६४ च्या गठ्ठ्यांनी बनवतं. गठ्ठ्यातली शेवटची फाइल पुसली की अख्खा गठ्ठा मोकळा होतो आणि त्याची नोंद आयनोड बी-ट्रीतून निघते. नोंद निघाल्यावर झाडाची पानं एकत्र होऊ शकतात. आयनोड सोडणाऱ्या ट्रान्झॅक्शनच्या, म्हणजे आयफ्रीच्या, जुन्या हिशोबात मात्र या झाडाचा एकच ब्लॉक पूर्ण धरला होता. बाकीच्या पातळ्यांसाठी फक्त हेडरची जागा. हा गठ्ठे न सोडण्याच्या काळातला अवशेष. झाड तीन पातळ्यांचं आणि ब्लॉक ४ केबीचा असेल तर १२ केबी हवेत तिथे जेमतेम ४ धरलेले. ४.१६ कर्नलमध्ये हा हिशोब दुरुस्त झाला आणि पूर्ण झाड मोजलं जाऊ लागलं.

मग पहिल्याच मिनिटाला का फुटत नाही? इथे मला सर्वांत जास्त वेळ लागला. बफरचे फक्त बदललेले १२८ बाइटचे तुकडे लॉगमध्ये जातात, त्यामुळे बहुतेक ट्रान्झॅक्शन राखलेल्याच्या आसपासही पोचत नाहीत. शिवाय तोच बफर चालू चेकपॉइंटमध्ये (लॉगमध्ये एकत्र लिहायच्या ट्रान्झॅक्शनच्या गटात) आधी येऊन गेला असेल तर फक्त वाढीव भागाचे पैसे पडतात. चेकपॉइंट संपून नवा सुरू झाला की पाटी कोरी. पुढची पहिली ट्रान्झॅक्शन स्वतःचा खर्च देते आणि चेकपॉइंटच्या तिकिटाचाही (त्याच्यासाठी राखायच्या जागेचाही). डंपमधली 'सीटीएक्स टिकेट' ही ओळ तीच. झाडाचं विलीनीकरण नेमकं त्या क्षणी आलं तरच ओव्हररन. म्हणून लाखो फाइल सुखरूप जातात आणि एक अडकते.

सिद्ध करायचं असेल तर चालू सर्व्हरला हात लावू नका. माउंट करून लॉग रिप्ले होऊ द्या, अनमाउंट करा आणि एक्सएफएस_मेटाडंप (फक्त मेटाडेटाची प्रत) घ्या. दुसऱ्या मशीनवर एमडीरिस्टोअरने स्पार्स फाइलमध्ये (रिकाम्या भागाला डिस्कवर जागा न घेणाऱ्या) उतरवून लूप माउंट करा, म्हणजे ती फाइलच डिस्कसारखी जोडा. मेलचा मजकूर त्यात नसतो, पण पुसायला मजकूर लागतच नाही. फाइलनावं बदललेली असतील, म्हणून नावावरून नको, तारखेवरून पुसा. दर काही फाइलींनंतर सिंक द्या, म्हणजे चेकपॉइंट वारंवार नवा होईल. माझ्याकडे तासांची वाट अशी मिनिटांवर आली. मग त्याच इमेजवर ४.१६ किंवा पुढचा कर्नल लावून तीच स्क्रिप्ट चालवा.

खरा उपाय कर्नल बदलणं. तोपर्यंत मेल पुसणं थांबवता येत नसेल तर अनमाउंट करून 'आयकीप' ऑप्शनने माउंट करा. रिकामे गठ्ठे मग सोडलेच जात नाहीत, त्यामुळे हा रस्ताच बंद होतो. मोबदल्यात ती जागा फक्त नव्या आयनोडनाच मिळते, मेलच्या मजकुराला नाही. नवा कर्नल आल्यावर हा ऑप्शन आठवणीने काढा.

डंपमध्ये ४९ ४१ ४२ ३३ दिसलंच नाही, तर माझा कयास चुकला. तसं असेल तर 'ओव्हररन' या शब्दापासून शटडाउनपर्यंतचा सगळा मजकूर आणि एक्सएफएस_इन्फोचं आउटपुट इथे टाका. आयटम एकेक करून बघू.