कटर घेतलंस, आता दोर घे

झाडं कापायच्या कामासाठी मशीन घेतलीस ते बरं केलंस, पण दोर आणि कमरेचा पट्टा घेतलास का? झाडावर पाय सुटायला वेळ लागत नाही. गुलमोहराच्या फांदीवर तर भरवसा ठेवूच नकोस. बाहेरून हिरवीगार, आतून भुसा.

जाड फांदी वरून एका दमात कापायची नाही. आधी खोडापासून हातभर अंतरावर खालच्या बाजूने पाव जाडीइतका काप घे, मग त्याच्या जरा पुढे वरून काप. फांदी साल न ओढता पडते. उरलेला ठोंब शेवटी काढ, बुडाशी असलेला फुगीर कंगोरा मात्र राखून. पहिल्याच वर्षी मी एका आंब्याची साल पुरुषभर ओरबाडली होती. मालकाने पैसे दिले, पुन्हा बोलावलं नाही.

शहरात सोसायटीचं पत्र पुरत नाही. 1975 च्या झाडांच्या कायद्याखाली पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी हातात आल्याशिवाय कटर सुरू करू नकोस. तारा जवळ असतील तर आधी लाइन बंद करून घे.

कापलेलं लाकूड जळणाला विकायचं म्हणशील तर आचारी बाभूळच मागतात. ओलं लाकूड वजनाला भरतं म्हणून मोह होतो, पण चुलीत ते टोकाला फेस काढतं, धूर करतं आणि आचाऱ्याच्या शिव्या तुला बसतात. उन्हाळ्यातच फोडून रचून ठेव. पावसाळ्यात ताडपत्री फक्त वरून टाक, बाजू मोकळ्या सोड, नाहीतर बुरशी धरते.