सातवी-आठवीची मुलं खर्रा (सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेलं मिश्रण) खातात, दरवर्षी व्याख्यान ठेवूनही फरक पडत नाही. शाळेने काय करावं?

तुम्ही लिहिलंय : यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातली जिल्हा परिषदेची शाळा, मुलांच्या खिशात खर्र्याची पन्नी (प्लॅस्टिकची पुडी) सापडते, शपथ झाली, कर्करोगाचे फोटो दाखवून झाले, तरी सगळं जिथल्या तिथे.

फोटोंनी फरक पडणार नव्हताच. बारा वर्षांच्या पोराला तीस वर्षांनंतरचा आजार दिसत नाही, त्याला समोर पन्नी धरून उभा असलेला दोस्त दिसतो. त्यात घरी रोज खर्रा खाणारा आजा धडधाकट असेल तर तुमच्या फोटोवरचा विश्वासच उडतो. उपयोग होतो तो नाही म्हणण्याच्या सरावाचा. दिल्ली आणि चेन्नईच्या ३२ शाळांत २००४ ते २००६ या काळात सहावी आणि आठवीच्या मुलांसोबत असा प्रयोग झाला. वर्गातले खेळ, मुलांनीच चालवलेल्या चर्चा, शाळेत लावलेली पोस्टर, घरी पाठवलेली पोस्टकार्डं, असं त्यात होतं. दोन वर्षांत प्रयोगातल्या शाळांमध्ये तंबाखूचा वापर १७ टक्क्यांनी घटला, बाकीच्या शाळांत ६८ टक्क्यांनी वाढला.

एक दिवस साजरा करून हे होत नाही. ३१ मेचा तंबाखूविरोधी दिन तर आपल्याकडे उन्हाळ्याच्या सुट्टीतच येतो. जुलैपासून आठवड्याला एक तासिका धरा, अशा दहा-बारा. सुरुवात सहावीपासून करा. आठवीत उशीर झालेला असतो.

पहिली तासिका चिठ्ठ्यांची. नाव नाही, अक्षरही नाही, कारण अक्षर तुम्ही ओळखता हे मुलांना पक्कं ठाऊक असतं. छापील चिठ्ठीवर फक्त खुणा करायच्या. तीन प्रश्न : गेल्या महिन्यात तू खर्रा खाल्लास का? वर्गातले किती जण खात असतील? पहिल्यांदा कोणी दिला? चिठ्ठ्या डब्यात टाकून, हलवून, सगळ्यांसमोर मोजा. वर्ग दहा-बारा जणांचाच असेल तर सहावी ते आठवी एकत्र करा, नाहीतर कोण ते उघडं पडतं. बहुतेक वेळा अंदाज मोठा आणि खरा आकडा लहान निघतो. समजा मुलांना वाटलं वीस जण खातात आणि निघाले सहा, तर ‘सगळेच खातात’ हा समज तिथेच मोडतो. मात्र खरा आकडाच निम्म्याहून जास्त निघाला तर फळ्यावर लिहू नका, उलटा परिणाम होईल. अशा वर्गात ‘खर्रा नसता तर बरं झालं असतं असं किती जणांना वाटतं’ हा प्रश्न विचारा आणि तो आकडा दाखवा.

तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तराने तुमची पुढची दिशा ठरते. मित्राने दिला असेल तर सराव मित्राला नकार देण्याचा. पण आपल्या भागात ‘जाय रे, पानठेल्यावरून खर्रा घेऊन ये’ हे घरातूनच सुरू होतं. पन्नी आणणारा पोरगा वाटेत चिमूटभर चाखतो, आणि पानठेलेवालाही त्याला ओळखू लागतो. म्हणून पालकसभेत सोडून द्या असं न म्हणता एवढंच मागा : स्वतःचा खर्रा स्वतः आणा, पोराला धाडू नका. हे मागणं बाप मान्य करतो. मास्तरांनी आधी स्वतःचा खर्रा शाळेच्या फाटकाबाहेर ठेवायला हवा, नाहीतर या सभेला अर्थ उरत नाही.

सरावाची रीत अशी. पाच-सहा जणांचे गट करा, गटप्रमुख मुलांनी निवडलेला असू द्या, मॉनिटर नको. समोरून तीनदा आग्रह : ‘घे ना बे, येक डाव खाऊन पाय’, ‘भेतं का बे?’, ‘मंग आपली दोस्ती खतम’. उत्तर तेच तेच, आवाज न चढवता : ‘मले नाई पायजे.’ कारणं द्यायची नाहीत. कारण दिलं की वाद सुरू होतो, आणि वादात मोठा पोरगाच जिंकतो. हमखास होणारी चूक म्हणजे आग्रह करणाऱ्याची भूमिका वर्गातल्या टवाळ पोराला देणं. वर्ग त्याच्यासोबत हसतो आणि सराव होतो खर्रा देण्याचा. ती भूमिका तुम्ही करा. खरी पन्नी आणू नका, घोटून दाखवू नका, आणि व्हाइटनर-सोल्युशनसारखी गावात नसलेली नशा मुलांना सांगू नका.

जे पोरगं खातंच, त्याला शाळेतून काढू नका. हजेरी तुटली की पानठेलाच त्याची शाळा होतो. एकट्याला बोलवा. सकाळी उठल्या उठल्या लागतो का, विचारा. लागत असेल तर निकोटीनने पकडलंय. पहिले तीन-चार दिवस चिडचिड जास्त असते, तेव्हा ओरडू नका. स्वतःची तीन बोटं उभी तोंडात घालायला सांगा. ती जात नसतील किंवा ठेचा-भाकर खाताना तोंडाची आग होत असेल, तर ग्रामीण रुग्णालयात दातांच्या डॉक्टरकडे न्या. हा त्रास नुसत्या सुपारीनेही होतो, तंबाखू नसली तरी. सोडण्यासाठी मोफत फोन १८००-११-२३५६.

पानठेल्याचं थोडक्यात : शाळेच्या कुंपणापासून १०० यार्ड, म्हणजे साधारण ९१ मीटर, टेप लावून मोजा. त्या आत तंबाखू विकता येत नाही, आणि १८ वर्षांखालच्याला तर कुठेच नाही, बापासाठी नेत असला तरी. ठेलेवाला गावातलाच असतो, कदाचित पालकही. म्हणून आधी १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव, पोलीस त्यानंतर.

चार तासिका मात्र राखून ठेवा. दिवाळीच्या सुमारास मुलं कापूस वेचायला जातात, मजुरीचे पैसे पहिल्यांदा स्वतःच्या हातात पडतात आणि धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, मोठ्यांच्या पन्न्या फिरतात. दोन तासिका सुट्टी लागायच्या आधी घ्या, दोन शाळा उघडल्यावर, आणि त्या वेळी चिठ्ठ्या पुन्हा एकदा टाका.