सौरघटातली खोड, स्मृतीच्या कामी

प्रश्न : पेरोव्स्काइट हे नाव आजवर सौरघटांच्या संदर्भातच ऐकले होते. त्यापासून ‘मेमरिस्टर’ बनवतात, तो माहिती साठवतो आणि मेंदूसारखे कामही करतो, असे अलीकडे वाचनात आले. हे कसे शक्य होते? – एक वाचक, सांगली

उत्तर : ज्याचा आजचा विद्युतरोध त्यातून पूर्वी वाहिलेल्या विजेवर अवलंबून असतो, तो घटक म्हणजे मेमरिस्टर. विद्युत अभियंते लिऑन चुआ यांनी १९७१ मध्ये तो गणिताने मांडला आणि २००८ मध्ये एचपी या संगणक कंपनीच्या प्रयोगशाळेने टायटॅनियम डायऑक्साइडच्या पातळ थरात तसा घटक तयार केल्याचे जाहीर केले. (तो चुआंच्या व्याख्येत बसतो की नाही, यावर अभ्यासकांत अजून खडाजंगी होते.)

शिसे आणि आयोडीन असलेल्या पेरोव्स्काइट स्फटिकांत इलेक्ट्रॉनांच्या जोडीने आयनही (विद्युतभार असलेले अणूही) सरकतात. त्यामुळे सौरघटाची चाचणी घेताना व्होल्टता वाढवत नेली की एक आलेख मिळतो आणि उतरवत आणली की दुसराच. मग कार्यक्षमतेचा खरा आकडा कोणता मानावा, हा प्रश्न संशोधकांना वर्षानुवर्षे छळत आला. मेमरिस्टरला मात्र नेमकी हीच खोड हवी असते. थरावर चांदीचा इलेक्ट्रोड बसवून त्याला धन व्होल्टता दिली, की चांदीचे आयन आत शिरतात, पलीकडे पोहोचून पुन्हा धातुरूप होतात आणि त्यांचा बारीक तंतू तयार होऊन रोध एकदम घसरतो. उलट व्होल्टतेने तंतू तुटतो. या दोन अवस्था म्हणजेच १ आणि ०.

मेंदूशी साम्य आहे ते मधल्या अवस्थांमुळे. चेतापेशींमधला जोड वापरानुसार बळकट किंवा दुबळा होतो, तसा येथे रोध व्होल्टतेच्या प्रत्येक स्पंदागणिक थोडाथोडा बदलता येतो. असे घटक जाळीच्या छेदांवर बसवले, तर प्रत्येक ठिकाणी व्होल्टता आणि वाहकता (रोधाचा व्यस्त) यांचा गुणाकार ओमच्या नियमाने आपोआप होतो व स्तंभातील प्रवाहांची बेरीज किर्खहॉफच्या नियमाने मिळते. आकडेमोड अशी स्मृतीतच होत असल्याने स्मृती आणि प्रक्रियक यांच्यात आकड्यांची ने-आण करण्यात जाणारी ऊर्जा वाचते. एवढ्यावरून त्याला ‘कृत्रिम मेंदू’ म्हणणे मला अतिशयोक्तीचे वाटते.

बाजारात येण्यातल्या अडचणीही मोठ्या आहेत. हे स्फटिक दमट हवेत बिघडतात, शिसे विषारी असते, आणि चिपनिर्मितीत वापरली जाणारी अनेक द्रावणे हा थरच विरघळवून टाकतात. शिवाय तंतू दरवेळी थोडा वेगळा बनत असल्याने एकाच घटकाचे वाचन दोनदा तंतोतंत जुळत नाही. म्हणून तूर्त तुमच्या पेन ड्राइव्हमधील फ्लॅश स्मृतीला यापासून धोका नाही.