मस्टँग, कॅमॅरो की चॅलेंजर? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुंबईत २०१७ सालची फोर्ड मस्टँग जीटी विकायला आहे. मित्र म्हणतात, थांब जरा, अमेरिकेतून शेवरोले कॅमॅरो नाहीतर डॉज चॅलेंजर मागव. मस्टँग काय, सगळ्यांकडेच असते. थांबू का?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : सगळ्यांकडे मस्टँग असलेली ती गल्ली कुठली, तेवढं कळवा.

थांबून हाती काय लागणार, ते आधी बघा. कॅमॅरो आणि चॅलेंजर कारखान्यातून डाव्या स्टिअरिंगच्याच निघाल्या. आपल्या आयात नियमांत मोटार नवी असो वा वापरलेली, स्टिअरिंग उजवीकडेच लागतं, आणि वापरलेली गाडी तीन वर्षांहून जुनी चालत नाही. शिवाय दोन्हींचं उत्पादन डिसेंबर २०२३ मध्ये थांबलं. त्यामुळे ‘मागवू’ हा शब्द सोडून द्या.

स्टिअरिंग बदललेली एखादी कॅमॅरो इथेच कुणी विकायला काढली, तर त्या कामाचा दर्जा तपासा. किल्ली ऑन केली की एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. तो विझतच नसेल किंवा मुळात लागतच नसेल, तर डॅशबोर्ड हलवताना वायरिंगचं काहीतरी बिनसलंय. वायपर चालकाच्या बाजूचा वरचा कोपरा पुसतात का, तेही बघा. हेडलाइटचा झोत उजवीकडे चढत असेल तर समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. आणि पुढे स्टिअरिंगची रॅक किंवा पेडलचा भाग गेला, तर तो अमेरिकेच्या कॅटलॉगमध्ये सापडणार नाही, कारण तो तिथला नाहीच.

मस्टँगचं तसं नाही. २०१६ मध्ये ती भारतात आली ती कारखान्यातूनच उजव्या स्टिअरिंगची. ५.० लिटर व्ही८, सहा गिअरची ऑटोमॅटिक, ताकद सुमारे ४०० अश्वशक्ती. अमेरिकेतल्या तिच्या बहिणीला ४३५ होती म्हणून हळहळणारे पुष्कळ भेटतील. कागल नाक्यापर्यंत जाताना तो फरक कुणाला कळत नाही.

घेण्याआधी गाडी लिफ्टवर चढवा. पुढच्या बंपरच्या ओठाची खालची कड आणि एक्झॉस्टचे पाइप किती घासलेत, त्यावरून मालकाचा हात कळतो. मागचे टायर २७५/४० आर१९ आणि पुढचे २५५/४० आर१९; मापं वेगळी, म्हणून पुढचे-मागचे अदलाबदल होत नाहीत. किलोमीटर कमी असलेल्या गाडीचे टायर बहुतेक वेळा गोट्या (नक्षी) भरपूर पण रबर म्हातारं, असे निघतात. टायरवरचे चार आकडे वाचा : २३१७ म्हणजे २०१७ सालचा २३ वा आठवडा. असा जोड असेल तर चारही टायरांची किंमत सौद्यातून वजा करा.

ऑइल ५डब्ल्यू-२०, फिल्टरसकट ७.६ लिटर. पाच लिटरचा एक डबा ओतून बॉनेट लावणारं गॅरेज या इंजिनाला मारून टाकतं. चाकाच्या नटाचा टॉर्क २०४ न्यूटन-मीटर. पान्यावर पाय देऊन आवळू नका, टॉर्क रेंच वापरा.

मग पूर. मुंबईचंच काय, २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेनं आपल्याकडच्याही किती गाड्या बुडवल्या! सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा; गुंडाळीच्या तळाशी गाळाची रेघ असेल तर तिथूनच परत फिरा. सीटच्या रेल्सचे बोल्ट आणि कार्पेटखालचा पत्राही बघावा.

कागदपत्रांत मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३०. गाडी बेळगावची, म्हणजे कर्नाटक पासिंगची निघाली, तर फॉर्म २८ ची एनओसी आणि महाराष्ट्राचा रस्ताकर वेगळा. विम्यात, पाच वर्षांवरच्या गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, कंपनी आणि तुम्ही मिळून ठरवता. ती कमी दाखवून हप्ता वाचवू नका; या गाडीचं एक हेडलाइटसुद्धा स्वस्त नसतं. अमेरिकी मॅन्युअल १५ टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल म्हणतं, आपल्या पंपावर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. म्हणून पावसाळाभर गाडी झाकून ठेवणार असाल तर त्या पेट्रोलवर उभी ठेवू नका, ते ओल धरतं. दर पंधरवड्याला इंजिन नीट तापेपर्यंत चालवा.

तर थांबू नका. मात्र टायर आणि पूर या दोन्हींत गाडी पास झाली तरच.

प्रश्न : मुलगा टेक्सासला नोकरीला आहे, वापरलेली व्ही८ घेणार आहे. त्याला कॅमॅरो एसएस हवी, सूनबाईंना मस्टँग जीटी, भाच्याचा नाद चॅलेंजरचा. पैशाला मोल कुठल्या गाडीचं?
– कागल

उत्तर : तिघंही तीन वेगळ्या गोष्टी मागतायत, म्हणून भांडण मिटत नाही.

चालवण्याचं सुख हवं तर तुमचा मुलगा बरोबर आहे. ६.२ लिटर, ४५५ अश्वशक्ती आणि वजन सुमारे १६७० किलो. वळणावर तिघींत तीच सगळ्यात चपळ. पण खिडक्या अरुंद, डिकी २५८ लिटरची आणि तिचं तोंडही लहान. विमानतळावर तुम्हा दोघांना घ्यायला आला, तर बॅगा टॅक्सीत आणि माणसं गाडीत. चॅलेंजर नेमकी उलटी : लांबी पाच मीटरवर, वजन १९०० किलोच्या आसपास, डिकी ४५९ लिटर आणि मागे तीन माणसांची जागा. लांबच्या सरळ हायवेला तिच्यासारखी ऐसपैस दुसरी नाही. वळणाचं मात्र तिला विचारू नका. मस्टँग सगळ्यांत मधली. २०१८ ते २०२३ च्या जीटीला ४६० अश्वशक्ती आहे.

अश्वशक्तीचे आकडे सोडा, महिन्याचा खर्च बघा. तिथल्या पंपावरचे ८७, ८९, ९१ हे आकडे आपल्या ऑक्टेनपेक्षा वेगळ्या पद्धतीनं मोजतात. तिथलं ९१ म्हणजे आपल्याकडचं ९५-९६. कॅमॅरो ९१ मागते, चॅलेंजर आर/टी (५.७ लिटर इंजिनाची) ८९ वर खूश असते, मस्टँग थोडी ताकद सोडून ८७ वरही निभावते.

दोष प्रत्येकीचे ठरलेले. चॅलेंजरच्या ५.७ हेमीला (डॉजच्या व्ही८ चं हे नाव) थंड असताना टकटक येऊन ती तापल्यावर जात असेल, तर बहुधा एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा बोल्ट तुटलाय, ते निभतं. गरम इंजिनावरही टकटक राहिली तर लिफ्टरचा (व्हॉल्व्ह उचलणाऱ्या भागाचा) रोलर कॅमशाफ्ट खातोय, आणि तो खर्च मोठा. कॅमॅरोच्या ऑटोमॅटिकमध्ये चार सिलिंडर बंद करणारी यंत्रणा आहे, तिचे लिफ्टरही असेच नखरेल. मॅन्युअल गिअरच्या एसएसमध्ये ती यंत्रणाच नाही.

बंद झाली म्हणून भाव चढेल, या आशेवर साधी आर/टी घेऊ नये. रस्त्यावर त्या ढिगानं आहेत. आमचं मत : मॅन्युअल कॅमॅरो एसएस, पण आधी सूनबाईंना शेजारच्या सीटवर तासभर बसवून. त्या तासात त्यांनी खिडकीबद्दल तीनदा तक्रार केली, तर मस्टँग.

प्रश्न : या तिघींत इंजिनाचा ब्लॉक कुणाचा चांगला? बीडाचा (ओतीव लोखंडाचा) की ॲल्युमिनियमचा?
– शिरोली एमआयडीसी

उत्तर : प्रश्न फाउंड्रीवाल्याचा दिसतो. ५.७ आणि ६.४ हेमीचा ब्लॉक बीडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. कॅमॅरोच्या ६.२ चा ब्लॉक ॲल्युमिनियमचा, आत बीडाचे लायनर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळ्या. मस्टँगच्या ५.० लाही २०१७ पर्यंत तसेच लायनर होते. २०१८ पासून ते गेले : प्लाझ्मानं तार वितळवून तिचा पातळ थर बोअरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर फवारतात. त्यामुळे बोअरचा व्यास ९२.२ वरून ९३ मिमी झाला. मेख अशी की तो थर ओरखडला, तर नेहमीसारखं ओव्हरसाइज पिस्टन टाकून रिबोअर करून भागत नाही. पुन्हा थर द्यावा लागतो किंवा स्लीव्ह (नवा लायनर) बसवावी लागते. बीडाचा ब्लॉक नाकावर वजन टाकतो, पण दुरुस्तीला सोसतो.

प्रश्न : मस्टँगला लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली बसवणारे) टाकू का? दिसायला भारी दिसते.
– शाहूपुरी

उत्तर : मुळात जमिनीपासून १३७ मिमी. त्यातले तीस काढलेत तर आपले स्पीडब्रेकर उरलेलं काढतील. रुंद चाकांवर हौस भागवा.